दिसत नाही म्हणून नाही, असे म्हणू नये

डोळ्यांना जे दिसत नाही ते नाहीच, असे मानण्याची घाई आपण नेहमी करतो. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथे तापमान सर्वांत अधिक भरले. अवरक्त किरणांचा शोध तो हाच.

अवकाशातील धूळ दृश्य प्रकाश अडवते व विखुरते. अधिक तरंगलांबीचे अवरक्त किरण मात्र तिच्यातून बऱ्याच अंशी पार होतात. गरुड तेजोमेघातील धुळीचे स्तंभ हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये दृश्य प्रकाशात टिपले, तेव्हा ते काळोखे व भरीव भासले. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने तेच अवरक्त किरणांत पाहिले आणि आड दडलेले नवजात तारे प्रकट झाले.

पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प हे किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते. म्हणूनच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपली अवरक्त दुर्बीण हैदराबादहून प्रचंड फुग्यांतून उंच आकाशात पाठविली. वेब तर पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. तेथेही एक अडचण उरतेच: उबदार वस्तू स्वतःच अवरक्त किरण सोडते. दुर्बीण तापली, तर तिला स्वतःच्याच उष्णतेपुढे दूरचा क्षीण तारा दिसणार नाही. यास्तव वेबला पाच पदरी सूर्यढाल आहे व तिचे एक उपकरण उणे २६६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागते.

या दुर्बिणीची रंगीत चित्रे आज प्रत्येक भ्रमणध्वनीवर पोहोचली आहेत. परंतु त्यांतील रंग अदृश्य किरणांना शास्त्रज्ञांनी नेमून दिलेले असतात, हे किती मुलांना कोणी सांगितले? चित्र दाखविणे म्हणजे विज्ञान शिकविणे नव्हे. ते कसे मिळाले, हे विचारण्याची सवय लावणे, हे खरे शिक्षण होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हर्शेल यांच्या प्रयोगास एक लोलक, तीन-चार तापमापक आणि उन्हाची एक तिरीप पुरते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी शाळेस भेट देताना भिंतीवरच्या घड्याळाऐवजी हे साहित्य द्यावे, अशी आमची विनंती आहे. वसतिगृहातील एखाद्या मुलीने तांबड्यापलीकडच्या रिकाम्या जागी तापमान वाढताना स्वतः पाहिले, तर 'तेथे काही नाही' हे वाक्य ती पुन्हा तपासल्यावाचून मान्य करणार नाही.