परीक्षेची चौकशी झाली, कामाची कधी?

स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागणारा विद्यार्थी पुस्तकांची यादी आधी मिळवतो. ज्या नोकरीसाठी हा खटाटोप, तिची चौकशी मात्र राहूनच जाते. २०२३च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० जणांनी अर्ज केले, ५,९२,१४१ प्रत्यक्ष बसले आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. केंद्रीय लोकसेवा आयोगाचेच हे आकडे पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली घेण्यापूर्वी पाहिले, तर दुसरी वाटही हाताशी ठेवावी हे आपसूक कळते. पण आकड्यांहून मोलाचे आहे ते कामाचे स्वरूप. लाल दिव्याची ओढ बाजूला ठेवून (तो दिवाही २०१७ मध्ये गेलाच) जिल्हाधिकाऱ्याचा दिवस पाहावा: महसुली अपिले, भूसंपादन, टंचाई, निवडणुका. १९६६चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम चाळताना जांभया आल्या, तर तोही एक शोधच.

अशाने मुलांची उमेद खचते, असे पालक म्हणतील. खचते ती ऐकीव उमेद. फेरफार नोंदीच्या भांडणात ज्याला रस वाटतो, त्याची उलट बळावते. सतराव्या वर्षी एवढे कुठून उमगणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपाय साधा आहे: क्लासची फी भरण्याआधी एक दिवस तहसील कचेरीच्या बाकावर बसून या.