मुदत फक्त कामगारालाच का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या पगारातून दर महिन्याला 'ईएसआय' कापला जातो त्यांनी, आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी, शेवटपर्यंत वाचा.

'बेकारी भत्ता' हा शब्द आपल्याला निवडणुकीत ऐकू येतो आणि मतदान झालं की विरून जातो. त्यामुळे नोकरी गेल्यावर पैसे देणारी एक योजना खरोखर आहे, हेच आपल्या एमआयडीसीतल्या बहुतेक पोरांना ठाऊक नाही. तिचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. चालवतं कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे तेच आपलं ईएसआय, ज्याला आपण फक्त दवाखान्याचं कार्ड समजतो.

आधी हिशेब सांगतो. ज्याचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे आणि ज्याचा कारखाना किंवा दुकान ईएसआयखाली येतं, त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १५ हजार पगार धरा. तुमचे ११२ रुपये ५० पैसे, मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे. महिन्याला ६०० रुपये जमा होतात. दोन वर्षांत १४,४०० रुपये.

आता नोकरी गेली. मागच्या चार सहामाह्यांची एकूण कमाई भागिले ७३० दिवस, म्हणजे रोजची सरासरी साधारण ४९३ रुपये. त्याच्या निम्मे, म्हणजे २४७ रुपयांच्या आसपास रोज, जास्तीत जास्त ९० दिवस. तीन महिन्यांचे मिळून २२ हजार रुपये. आणि हे आयुष्यात एकदाच.

२२ हजार ही काही फार मोठी रक्कम नाही. पण पगार बंद झालेल्या घरात खोलीचं भाडं, किराणा उधारी आणि बचत गटाचा हप्ता यातून तीन महिने निभावतं. अट एकच, ते पैसे त्याच तीन महिन्यांत हातात यायला हवेत. आठ महिन्यांनी आले तर तोवर बायकोची बोरमाळ सोनाराकडे गेलेली असते आणि आलेली रक्कम व्याजात जाते. रक्कम तीच राहते, उपयोग मात्र संपलेला असतो.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. या व्यवस्थेत मुदत आहे ती फक्त कामगाराला. कार्यालयाला कुठलीच मुदत जाचत नाही.

कसं ते बघा. सलग दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत पाहिजे. नोकरी गेली त्याच्या लगतच्या आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत आणखी ७८ दिवस. ईएसआयची सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी गेल्यावर ३० दिवस थांबायचं, मग अर्ज. ९० दिवस झाले की लाभ संपला. प्रत्येक ठिकाणी आकडा ठरलेला, आणि एखादा दिवस कमी भरला तर सूट नाही.

नियम असायला माझी हरकत नाही. पण हे दिवस मोजतो कोण? मालक किंवा कंत्राटदार. त्याने संगणकावर जे भरलं तेच खरं. पोरगा महिनाभर राबला आणि कंत्राटदाराने दहाच दिवस दाखवले, तर ७८ चा आकडा गाठणार कसा? आणि हे त्याला कळतं कधी? नोकरी गेल्यावर, अर्ज परत आल्यावर.

दुसरी मेख याहून वाईट. मालक दर महिन्याची वर्गणी भरतो, तेव्हा ज्या कामगाराचे दिवस शून्य त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं. यादीत 'कामगार कपात' आहे, 'काम नाही' आहे, आणि 'नोकरी सोडली' पण आहे. कंत्राटदाराचा कारकून कुठलं बटण दाबतो? सगळ्यात बिनत्रासाचं, म्हणजे 'नोकरी सोडली'. आणि आपणहून नोकरी सोडणाऱ्याला ही योजना नाही. गेटवर सुपरवायझरने "उद्यापासून येऊ नको" म्हटलं, ते कुठल्याच कागदावर नाही. कागदावर काय, तर गड्याने आपल्या मर्जीने काम सोडलं. कामावर घेतानाच कोऱ्या राजीनाम्यावर सही घेण्याची पद्धत तर तुम्हा-आम्हाला नवीन नाही.

माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन लोक येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "साहेब, पैसे कधी येतील?" एकजण पॅकिंगला होता. त्याचा अर्ज का अडकला हे शोधायला आम्हाला दोन आठवडे लागले. निघालं काय, तर आधार कार्डावर वडिलांचं नाव पूर्ण आणि बँकेत नुसतं अद्याक्षर. ही चूक सांगायला एक फोन पुरला असता. पण तो फोन कुणी करायचा, किती दिवसांत करायचा, हे कुणावरच बंधनकारक नाही. मग माणूस खेटे घालत राहतो. एका खेपेला एसटीचं भाडं आणि एक दिवसाचा रोज बुडतो. चार खेपा झाल्या की तो म्हणतो, जाऊ दे, आणि हमालीला लागतो. सरकारदरबारी अशा माणसाची नोंद 'लाभ नाकारला' म्हणूनही होत नाही. तो फक्त परत आला नाही, एवढंच.

काही गोष्टी सुधारल्या हे मान्य केलं पाहिजे. योजना सुरू झाली १ जुलै २०१८ ला. तेव्हा सरासरीच्या २५ टक्केच मिळायचे, नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं आणि अर्ज जुन्या मालकामार्फत जायचा. म्हणजे ज्याने काढलं त्याच्याच दारात जायचं. टाळेबंदीत लाखो लोक घरी बसले, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये २५ चे ५० टक्के केले, ९० चे ३० दिवस केले आणि अर्ज थेट शाखा कार्यालयात द्यायची सोय झाली. चांगलं झालं. पण योजना मुळात दोन वर्षांचा प्रयोग म्हणून आलेली. तेव्हापासून ती आणि तिच्यातली ही वाढीव सवलत, दोन्ही मुदतवाढीवरच जगतायत. म्हणजे बेकार कंत्राटी कामगारासाठी असलेली योजनाही कंत्राटीच! कायम व्हायचं नाव नाही.

आणि एक जुनी योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. कारखाना बंद पडला, कायद्याने कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या अपघातात ४० टक्क्यांहून कमी नाही असं कायमचं अपंगत्व आलं, तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता. पहिले १२ महिने निम्मा, पुढचे १२ महिने पाव. हिच्याबद्दल किती जणांनी ऐकलंय? कारखान्याला टाळं लागतं त्या दिवशी गेटवर पोलीस येतात, पुढारी येतात, आम्ही पत्रकारही येतो. या योजनेचा अर्ज घेऊन कुणी येत नाही.

कार्यालयातले लोक म्हणतात, खोटे अर्ज येतात, तपासायला वेळ लागतो. त्यात तथ्य आहे. हा कामगारांच्याच वर्गणीचा पैसा, तो भलत्याच्या खिशात जाता कामा नये. टेबलं जास्त आणि माणसं कमी, हेही मी डोळ्यांनी बघतो. पण महिन्या-महिन्याची वर्गणी त्यांच्याच संगणकात आहे. ती तपासायला बेकार माणसाला चार वेळा का बोलवायचं? तपास करा, जरूर करा, पण तारीख लावून करा.

आणि कार्यालयाला तारीख लावणं ही काही जगावेगळी मागणी नाही. आपल्याच महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की मागणीनंतर १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातही तेच आलं. शिवाय हजेरीपट बंद झाल्यावर १५ दिवसांत मजुरी नाही मिळाली, तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाईची तरतूद होती. अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय, पण उशिराला किंमत असते हे कायद्याने मान्य केलं होतं. राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा तर विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड सांगतो. पण ईएसआय महामंडळ केंद्राचं, तिथे हा कायदा पोचत नाही.

म्हणून मागण्या चारच. एक, पूर्ण अर्ज आल्यापासून ठरलेल्या दिवसांत पैसे, नाहीतर व्याजासह. दोन, अर्ज नाकारला किंवा अडकला तर कारण मराठीत, लेखी. तीन, मालकाने 'नोकरी सोडली' असं भरलं की त्याच दिवशी कामगाराच्या मोबाइलवर संदेश, आणि 'मी सोडली नाही, मला काढलं' असं सांगायची संधी. चार, योजना कायम करा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं?

१. आजच, नोकरी शाबूत असताना, ईएसआयच्या वेबसाइटवर आपला विमा क्रमांक टाकून वर्गणीचे दिवस बघा. पगाराची पावती आणि तिथले दिवस जुळतात का? नसतील तर आत्ताच बोला.

२. आधार, बँक पासबुक आणि ईएसआय, तिन्हीकडे नाव एकसारखं करून घ्या.

३. राजीनाम्यावर सही करू नका. काढलं असेल तर तसं लेखी मागा. देत नसतील तर सुपरवायझरचा व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा, आणि तुम्ही स्वतः मालकाला स्पीड पोस्टाने पत्र टाका की अमुक तारखेपासून मला कामावर घेतलेलं नाही.

४. ३० दिवस झाले की लगेच ऑनलाइन अर्ज भरा. त्याची छापील प्रत कागदपत्रांसह कार्यालयात द्या आणि आपल्या झेरॉक्सवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं समजा.

५. महिना उलटला तरी उत्तर नाही? १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. एकच प्रश्न विचारा: माझा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे आणि कधीपासून? याचं उत्तर ३० दिवसांत देणं कायद्याने भाग आहे. ही एक मुदत तेवढी कार्यालयाला आहे, तिचा वापर करा.

शेवटचं. ज्यांचे अर्ज अडकलेत त्यांनी मला इनबॉक्समध्ये दोनच गोष्टी कळवा: अर्जाची तारीख, आणि आजवर किती खेपा झाल्या. कमेंटमध्ये विमा क्रमांक किंवा खाते क्रमांक टाकू नका. नावं न छापता यादी करतो आणि आपल्या खासदारांच्या हातात देतो. विषय केंद्राचा आहे, त्यामुळे आमदार-नगरसेवकांकडे बोट दाखवून त्यांना सुटता येणार नाही. त्यांचं उत्तर काय आलं, किंवा आलंच नाही, तेही इथेच लिहीन. तारखेसकट.