सी ड्राइव्हची लाल पट्टी



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या प्रश्नांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. लॅपटॉप घेऊन दोनच वर्षे झाली, तरी 'दिस पीसी' उघडले की सी ड्राइव्हखालची निळी पट्टी लाल झालेली दिसते. काम रखडते, अपडेट होत नाही, मुलीचा फॉर्म भरताना पीडीएफ सेव्ह होत नाही. मग काय पुसायचे?

काय पुसायचे ते सांगूच. पण त्याहून महत्त्वाचे आहे काय पुसायचे नाही, आणि का. पूर्वीची हार्ड डिस्क आणि आताची एसएसडी यांत जो फरक आहे, तो घरोघरी नीट कळलेला नाही असे आमचे मत झाले आहे.

आधी एक शंका दूर करू. "दुकानदाराने २५६ जीबी म्हणून विकला, आत २३८ च दाखवतो, फसवणूक झाली," असे अनेकांनी लिहिले आहे. फसवणूक नाही. ड्राइव्ह बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. तीच जागा एका मापाने २५६ आणि दुसऱ्या मापाने २३८ भरते. जुन्या काळी गावागावांत शेराचे माप वेगळे असायचे, तसेच. त्यातून विंडोज आणि तिची अपडेट्स साधारण ३०-४० जीबी घेतात. हाती राहतात दोनशेच्या आसपास.

आता एसएसडीच्या पोटात काय चालते ते पाहू. आत फिरणारी तबकडी नसते, फ्लॅश मेमरीच्या चिप असतात. ही मेमरी तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली आणि आज एसएसडीत असतो तो 'नँड' प्रकार १९८७ मध्ये आला. 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवले, कारण त्यातली माहिती पुसण्याची क्रिया त्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखी वाटली. म्हणजे नावच मुळी पुसण्यावरून पडले आहे.

ज्यांनी मक्तबमधली लाकडी तख्ती पाहिली आहे, त्यांना हे चटकन समजेल. तख्तीवर बोरूने ओळी लिहायच्या, मग ती धुवायची, मुलतानी मातीचा लेप द्यायचा, वाळवायची आणि पुन्हा लिहायचे. मधलीच एक ओळ धुता येत नाही, धुवायची तर सगळी तख्ती. एसएसडीचेही असेच आहे. लिहिता येते एकेक ओळ, पण पुसताना पूर्ण तख्ती पुसावी लागते. म्हणून तुम्ही एखाद्या फाइलमध्ये दुरुस्ती केली की ती जुन्या जागी लिहिली जात नाही. दुसऱ्या कोऱ्या तख्तीवर नवी ओळ लिहिली जाते आणि जुन्या ओळीवर 'रद्द' अशी खूण होते. रद्द ओळी बऱ्याच साठल्या की एसएसडी उरलेल्या चांगल्या ओळी दुसरीकडे उतरवून घेते आणि ती तख्ती धुते. ही धुलाई फावल्या वेळात, आपल्या नकळत चालते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कोऱ्या तख्त्या शिल्लक असल्या पाहिजेत. ड्राइव्ह काठोकाठ भरली की एक ओळ लिहिण्याआधी चार ओळी उतरवून तख्ती धुवावी लागते. लॅपटॉप मंद होतो आणि धुलाया वाढल्या की चिपही लवकर झिजते, कारण प्रत्येक तख्तीच्या धुलाया मोजक्याच असतात. म्हणून १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवावी. २५६ च्या ड्राइव्हवर ही साधारण ३६-४८ जीबी झाली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जुन्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली तरी खालचा मजकूर बरेच दिवस तसाच पडून राहायचा, आणि जाणकार माणूस तो परत काढून द्यायचा. 'पुसले तरी दुकानात परत मिळते' ही समजूत त्या काळातली आहे. एसएसडीच्या बाबतीत फाइल रिसायकल बिनमधूनही गेली की विंडोज लगेच ड्राइव्हला कळवते की या ओळी आता नकोत. या निरोपाला 'ट्रिम' म्हणतात. त्यानंतर ती तख्ती केव्हाही धुतली जाते, आणि धुतलेल्या तख्तीवरून कोणी काही वाचू शकत नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी हे घडले. कोकणातले घर, वडील कुवेतला. लॅपटॉप एक आणि वापरणारी भावंडे तीन. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या फॉर्मची मुदत जवळ आली आणि जागा संपली. धाकट्या भावाने रात्री बसून सेटिंग्जमधून 'टेम्पररी फाइल्स' काढल्या, दिसतील त्या सगळ्या चौकटींवर खुणा करून. जागा झाली, फॉर्मही भरला गेला. दोन आठवड्यांनी कळले की दादीचे अकरा आवाज गेले. मरहूमा दादी लग्नातली जुनी गाणी आणि घराण्याच्या हकीकती आपल्या कोकणी बोलीत सांगायच्या. नातीने त्या फोनवर टिपून व्हॉट्सॲपने लॅपटॉपवर आणल्या होत्या आणि त्या 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये तशाच पडल्या होत्या. तो फोन मधल्या काळात विकला गेला होता. दुकानदाराने दोन दिवस प्रयत्न करून लॅपटॉप परत दिला. शेवटी वडिलांच्या कुवेतमधल्या जुन्या फोनमध्ये पूर्वी पाठवलेले चार आवाज सापडले, अल्हम्दुलिल्लाह. सात गेले. त्यांत दादीच्या स्वतःच्या निकाहची हकीकत होती, आणि ती सांगणारे आता घरात दुसरे कोणी नाही.

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. 'टेम्पररी फाइल्स'च्या यादीत 'डाउनलोड्स'चीही चौकट असते. ती आपोआप खूण केलेली नसते, पण यादीत असते, आणि नाव पाहून कोणालाही वाटावे की हाही तात्पुरता कचराच. तिथून काढलेल्या फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाहीत. एवढी एक चौकट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः 'मला सगळे येते' म्हणणाऱ्या मुलांना, आजच दाखवून ठेवा.

आता सफाईकडे वळू. 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टम', त्यात 'स्टोरेज'. कशाने किती जागा घेतली ते तिथे दिसते. बहुतेक घरांत गुन्हेगार एकच असतो, व्हिडिओ. फोरकेमध्ये घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ साडेतीनशे एमबीच्या घरात जाऊ शकतो. आमच्या शाळेतली इनपेजमधली उर्दू प्रश्नपत्रिका एक एमबीचीही नसते. तेव्हा वर्डच्या आणि इनपेजच्या गरीब बिचाऱ्या फाइल पुसत बसून आजवर कोणाची जागा मोकळी झालेली नाही. 'डाउनलोड्स' फोल्डर उघडा, 'डिटेल्स' पद्धतीने यादी करा आणि 'साइझ' या शब्दावर क्लिक करा, म्हणजे मोठ्या फाइल वर येतात. निकाहचा व्हिडिओ तिथे एकदा, डेस्कटॉपवर एकदा आणि 'नवीन फोल्डर'मध्ये एकदा असा तिहेरी सापडण्याची शक्यता दाट आहे. वलीम्याचाही तसाच.

मग 'टेम्पररी फाइल्स'. विंडोज अपडेटचा उरलेला माल, थंबनेल्स, रिसायकल बिन यांवर खूण करायला हरकत नाही, 'डाउनलोड्स'वर नाही. विंडोजची मोठी आवृत्ती नुकतीच बदलली असेल तर जुनी आवृत्ती बाजूला ठेवलेली असते आणि ती बरेच जीबी अडवते. नवी आवृत्ती नीट चालत असेल तर ती काढा. नाही काढली तरी साधारण दहा दिवसांनी विंडोज स्वतःच काढते.

सी ड्राइव्हवरचा 'विंडोज' फोल्डर उघडून आतले काही हाताने पुसू नये. त्यातला 'विनएसएक्सएस' नावाचा फोल्डर अवाढव्य दिसतो आणि मोह होतो, पण तो घराच्या पायात हात घालण्यासारखा प्रकार आहे. इंटरनेटवर 'तुमचा पीसी एका क्लिकमध्ये साफ' म्हणणाऱ्या जाहिराती येतात, त्यांपासून दूर राहा. डीफ्रॅगमेंट करण्याची जुनी सवयही सोडा. एसएसडीला त्याचा फायदा नाही, उलट नाहक लिखाण वाढते. विंडोजचे 'ऑप्टिमाइझ' एसएसडी ओळखते आणि तिला फक्त ट्रिमचा निरोप देते, ते चालू द्यावे. काही जाणकार 'हायबरनेट बंद करा, तीन जीबी वाचतील' असे सांगतात. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर साधारण तेवढे वाचतात हे खरे. पण जिथे तासन्तास वीज जाते आणि बॅटरी मध्येच संपते, तिथे हेच हायबरनेट अर्धवट काम सांभाळून ठेवते. शहरातल्यांनी बंद करावे, गावाकडे आम्ही सांगणार नाही.

एका भगिनीने विचारले आहे की कुटुंबाच्या ग्रुपवर दर शुक्रवारी 'जुम्मा मुबारक'ची चित्रे येतात, त्यांवर आयती असतात. त्या पुसल्या तर बेअदबी होईल का? म्हणून त्या पुसत नाहीत आणि हजारो साठल्या आहेत. आम्ही मुफ्ती नाही. आमच्या मोहल्ल्याच्या इमाम साहेबांना विचारले. ते म्हणाले की जागेसाठी पुसण्यात अपमानाची नियत नसते, पडद्यावरची प्रतिमा छापील मुसहफसारखी नाही, तेव्हा पुसण्यास हरकत नाही. ज्यांच्या मनात शंका उरेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. आमची एक भर, तीच चित्रे पुढच्या शुक्रवारी दहा ग्रुपवर ढकलण्याआधी समोरच्याचीही लाल पट्टी आठवावी. तिलावतीचे ऑडिओ मात्र खुशाल ठेवा. नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जात तासाला सुमारे ५८ एमबी लागतात. तीस तासांची तिलावत पावणेदोन जीबीत बसते, म्हणजे पाच मिनिटांच्या फोरके व्हिडिओइतकी.

पुष्कळ लॅपटॉपवर दुकानदार एकाच एसएसडीची सी आणि डी अशी वाटणी करून देतात. सी शंभर जीबीची, भरून वाहते. डी रिकामी पडलेली. अशा वेळी फोटो, व्हिडिओ, पुस्तके डीवर हलवली की प्रश्न सुटतो. परंतु डीवर ठेवले म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज आम्हाला शिकलेल्या घरांतही आढळला. एकाच कपाटाचे ते दोन कप्पे आहेत. कपाट जळाले की दोन्ही जातात. आणि एसएसडी बिघडताना हार्ड डिस्कसारखा कटकट आवाज करून सावध करील याची खात्री नाही; काल चालू होती, आज ओळखलीच जात नाही, असे होते.

ऑनलाइन ठेवण्याबाबतही एक सावधगिरी. गुगलची १५ जीबी मोफत जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे, आणि जून २०२१ पासून नवे फोटोही तिच्यात मोजले जातात. वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी. वनड्राइव्हच्या फोल्डरमधली फाइल लॅपटॉपवर डिलीट केली तर ती ऑनलाइनही डिलीट होते. फक्त लॅपटॉपची जागा हवी असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडावे. मग फाइल ऑनलाइन राहते आणि इथे नुसती खूण उरते.

आमच्या मते प्रत्येक घरात एक बाहेरची हार्ड डिस्क असावी, आणि 'अमानत' नावाचे एकच फोल्डर असावे. त्यात बुजुर्गांचे आवाज आणि फोटो, निकाहनामा, जन्माचे दाखले, मुलांच्या गुणपत्रिका, जमिनीचे कागद. हे फोल्डर लॅपटॉपवर, हार्ड डिस्कवर आणि दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा परदेशातल्या भावाकडे, अशा तीन ठिकाणी ठेवावे. सफाई कोणीही करो, या फोल्डरला हात लावण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारावे. बाहेरच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली असेल तर ती वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवू नका. विजेशिवाय तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो, उष्ण हवेत जास्त लवकर. तीन-चार महिन्यांनी एकदा लॅपटॉपला जोडून फाइल उघडून पाहाव्यात.

लॅपटॉप विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तेव्हा नेमकी उलटी काळजी हवी. त्यात घरातल्या स्त्रियांचे, मुलींचे फोटो असतात. 'रीसेट धिस पीसी' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि 'चेंज सेटिंग्ज' मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' सुरू करा. वेळ लागतो, लागू द्यावा. दुरुस्तीला देतानाही शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्यावे.

ज्यांचा लॅपटॉप १२८ जीबीचा आहे त्यांना आमचा सल्ला थोडा वेगळा आहे. त्यांनी सफाईत दर महिन्याला तास घालवण्यापेक्षा एसएसडीच बदलून ५१२ ची घालावी. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती स्क्रू काढून बदलता येते, पण काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डलाच डकवलेली असते आणि बदलता येत नाही. तेव्हा पैसे देण्याआधी आपले मॉडेल दुकानदाराला दाखवून खात्री करावी, आणि जुनी एसएसडी काढून घ्यायला विसरू नये. 'अमानत' नव्या ड्राइव्हवर उघडून, दोन-चार फाइल वाजवून-वाचून पाहीपर्यंत ती जपून ठेवावी.