प्रवासी कुणाला म्हणायचं?

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझा लेख परत पाठवला. लेख पिशोर ते कन्नड आणि कन्नड ते औरंगाबाद या एसटीच्या प्रवासावर होता. सोबत निरोप होता, "लिहिलंय चांगलं, पण हे प्रवासवर्णन नाही, ही रोजची ये-जा झाली. हज किंवा उमऱ्याचा अनुभव असेल तर जरूर पाठवा, आमच्या वाचकांना ते नवीन वाटेल." राग आला. दोन दिवसांनी राग गेला, पण प्रश्न राहिला. मी पिशोरचा, मराठीत लिहिणारा माणूस. माझ्या फिरण्याला मराठीत जागा मिळणार ती मक्केला गेलो तरच का?

मराठीत प्रवासवर्णन म्हटलं की पासपोर्ट, सूटकेस आणि विमानाची खिडकी समोर येते. पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' मी पानं सुटेपर्यंत वाचलंय, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार नंतरच्या पिढ्यांबद्दल आहे. त्यांनी त्यातला विनोद उचलला नाही, नजर उचलली नाही, फक्त विमान उचललं. आता लेखक कुठंतरी बघायला जातो, बघतो, जेवतो, परत येतो. कामाला कुणी जात नाही. पोट घेऊन कुणी निघत नाही.

गंमत अशी की मराठीतलं पहिल्या मानाचं प्रवासवर्णन पोटासाठीच घडलं. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडं निघाले ते निसर्ग बघायला नव्हे. घरावर कर्ज होतं, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि भरपूर दक्षिणा मिळेल असं कानावर आलं होतं. भिक्षुकी हा त्यांचा धंदा, धंद्यासाठी गेले आणि बंडात सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलं. आजच्या संपादकांकडं ते हस्तलिखित आलं असतं तर? "लिहिलंय चांगलं, पण ही तर नोकरीनिमित्त बदली."

इब्न बतूताचंही तेच. आमच्या मजलिसीत त्याचं नाव फार अभिमानानं घेतात. तो दिल्लीत मुहम्मद तुघलकाकडं काझीची नोकरी करत होता आणि दौलताबादेत आला तो सुलतानाचा वकील म्हणून चीनच्या वाटेवर असताना. पगारी माणूस होता. दौलताबादच्या तळघरातले उंदीर मांजराहून मोठे होते हे त्यानं लिहून ठेवलं. कन्नडहून शहराकडं जाणारी आमची एसटी याच दौलताबादच्या पायथ्यावरून जाते.

आता त्या एसटीबद्दल. सकाळच्या गाडीत दूधवाले, कॉलेजची पोरं, तहसिलात खेटे घालणारे म्हातारे आणि अद्रकाच्या भावावर वाद घालणारे शेतकरी असतात. पुढच्या सीटवर बाया. २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट झालं, आणि माझ्या मोहल्ल्यातली निम्मी जनता मी तेव्हापासूनच बसमध्ये बघतोय. आधी त्या कुठं होत्या? घरात. नवऱ्याला वेळ असेल तेव्हा त्याच्या मोटरसायकलवर. आता औषधाला, माहेरी, बाजाराला, बँकेत एकट्या जातात. आमच्या शेजारच्या खाला साठीच्या आहेत. जन्मभर शहरातल्या दवाखान्यात येता-जाता खिडकीतून वेरूळ बघितलं, उतरल्या कधी नाहीत. गेल्या वर्षी उतरल्या. सोबत भाची होती. कैलास लेण्यासमोर उभं राहून म्हणाल्या, "अल्ला, ये तो वरसे निच्चे खोदे!" वरून खाली कोरलंय हे पुस्तकं वाचून कळणारी गोष्ट त्यांना बघून कळली. मग दोघींनी पायरीवर बसून डब्यातली भाकरी खाल्ली आणि चारच्या गाडीनं परत आल्या. मला विचाराल तर स्वित्झर्लंडच्या दहा लेखांपेक्षा यात जास्त प्रवास आहे. साठ वर्षं लागली खालांना त्या फाट्यावर उतरायला.

आमचे एक मामू ट्रक चालवत. कांडला, गुवाहाटी, तुतीकोरिन सगळं पायाखालचं, म्हणजे टायरखालचं. औट्रम घाटातली प्रत्येक वळणं त्यांना पाठ. २०२१ च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीनं त्या घाटात दरडी कोसळल्या आणि गाड्या अडकल्या, पुढं २०२३ मध्ये खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना तो घाट बंद झाला. बातम्यांत वाहतूककोंडी आली, वळसा किती किलोमीटरचा तेही आलं. त्या वळशाचं डिझेल, झोप आणि घरी उशिरा पोचणं कुठं आलं नाही. मी मामूंना म्हणालो, तुमचा सफर लिहू या. ते हसले. "कायका सफर? वो धंदा था. सफर तो तू करता, थैली लटकाके."

इथं माझा युक्तिवाद जरा अडतो, हे मान्य करतो. ज्याचा प्रवास तोच त्याला प्रवास म्हणायला तयार नाही, मग मी कोण? पण त्याच रात्री मामू तीन तास बोलले. आसामात पुरात अडकलेले अकरा दिवस, ढाब्यावर नाव सांगताना घ्यावी लागणारी खबरदारी, क्लीनर पोराला रस्त्यात ताप आला तेव्हा गाडी सोडून दवाखाना शोधणं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. घरातल्यांनीसुद्धा नाही. आणि हेही खरं की त्यांच्या गोष्टीवर लेख झाला तर नाव माझं छापून येणार.

नाव सांगण्याची खबरदारी मलाही माहीत आहे. एका जिल्ह्याच्या गावी लॉजवर जागा होती, मी आधार कार्ड पुढं केलं आणि जागा संपली. मालक वाईट बोलला नाही, उलट "सॉरी भाऊ" म्हणाला. रात्र स्टँडवर काढली. दुसऱ्या ठिकाणी चहावाल्या काकांनी माझं मराठी ऐकून कौतुक केलं, "तुमच्यात इतकं चांगलं मराठी बोलतात?" काका प्रेमानंच बोलले. पण माझी सातवी पिढी याच मातीत पुरलेली आहे आणि आमची शाळा मराठी माध्यमाची होती. प्रवासवर्णनांत लॉज हमखास असतो, त्याचा पंखा असतो, त्याची चादर असते. खोली मिळेल की नाही हा प्रश्न नसतो.

पण सगळं बिल संपादकांच्या आणि लॉजवाल्यांच्या नावावर फाडून मोकळं होता येणार नाही. आपणही कमी नाही. आपल्याकडं लिहिण्याजोगा सफर एकच. हाजीसाहेब परततात, आम्ही मुबारकबाद द्यायला जातो, जमजम आणि खजूर घेतो. मग ऐकायला काय मिळतं? हॉटेल हरमपासून किती मिनिटांवर होतं, जेवण कसं होतं, ग्रुपवाल्यानं काय फसवलं. मी एका बुजुर्गांना विचारलं, हरमची फरशी रात्रंदिवस पुसणारी पोरं कुठली होती? म्हणाले, "होंगे बांगलादेश के." त्या पोरांनीही घर सोडलं होतं, कर्ज काढलं होतं, समुद्र ओलांडला होता. त्यांच्याशी एक शब्द बोलावा असं चाळीस दिवसांत वाटलं नाही. आखातात वर्षानुवर्षं राबून आलेली माणसं आपल्या कितीतरी गावांत आहेत. त्यांनी आणलेलं अत्तर आणि कंबल आपण वापरतो, त्यांची गोष्ट मागत नाही.

आणि दीन काय सांगतो? मुसाफिराला नमाजेत कसरची सवलत आहे, रोजा पुढं ढकलायची मुभा आहे. कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले, त्यात वाटसरू आहे. तो सैरसपाट्याला निघालाय की हमालीला, ही अट घातलेली नाही. मामूंचा हक्क आहे त्यात, फरशी पुसणाऱ्या पोराचाही. फतव्यांच्या किताबीत ट्रक ड्रायव्हरच्या नमाजेवर पानंच्या पानं सापडतील. त्याच्या सफरवर आपण एक पान लिहिलेलं नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, वर भांडी, शेळी, लेकरं. सहा महिन्यांचा मुक्काम. त्याच आठवड्यात दिवाळी अंक येतात, आणि त्यांत पर्यटन विशेषांक असतात. दोन्ही गोष्टी एकाच स्टँडवर बघायला मिळतात, अंक स्टॉलवर आणि गाडी समोर रस्त्यावर.

८ मे २०२० ची पहाट आपल्याच जिल्ह्यातली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर गावी जायला गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाले होते. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. मालगाडी आली, सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो सगळ्यांनी बघितला. त्यावर कविता झाल्या, भरपूर. पण ते कोणत्या वाटेनं आले, रात्री काय बोलत चालले, कुठं पाणी मिळालं आणि कुठं नाही, हे वाचलेल्यांकडून ऐकून कुणी नीट लिहिलं? मला तरी वाचायला मिळालं नाही. प्रवासवर्णनाचं काम तेच होतं.

अंतूरचा किल्ला आमच्याच कन्नड तालुक्यात. किल्ल्याच्या वाटेवर निजामशाही काळातला दगडी खांब आहे, त्याच्या चारी बाजूंना फारसीत वाटा कोरल्यात: नागापूर, चाळीसगाव, बुऱ्हाणपूर, दौलताबाद. ट्रेकिंगवाले त्याच्यासोबत फोटो काढतात, काढावेत. पण तो खांब कुणासाठी उभा केला? बैलांवर धान्य लादून जाणाऱ्यासाठी, टपाल नेणाऱ्यासाठी, पगाराच्या शोधात निघालेल्या शिपायासाठी. सहलीला कोण येत होतं तिथं?

तर संपादकसाहेब, तोच लेख यंदा पुन्हा पाठवतोय. खालांचा वेरूळचा मजकूर आत घातलाय, मामूंच्या परवानगीनं त्यांचे अकरा दिवसही. बाकी काही बदललेलं नाही. तिकिटाचा आकडा तेवढा नवा टाकलाय, २०२५ च्या जानेवारीत भाडं वाढलं.