एमजी की ट्रायम्फ?

होस्टेलच्या गॅलरीत गाड्यांवरून वाद निघाला की तो एचपीवर येऊन संपतो. ज्याची एचपी जास्त, ती गाडी भारी! मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायला दोन जुन्या इंग्लिश स्पोर्ट्‌स कार घेतो : एमजी-बी आणि ट्रायम्फ स्पिटफायर. दोन्ही १९६२ साली आल्या आणि १९८० साली बंद झाल्या.

तुम्ही म्हणाल, "धामणगाव रेल्वेत बसून आपल्याला काय करायचं बे याचं?" करायचं आहे. कारण या दोघींचे नातेवाईक आपल्याच रस्त्यांवर धावले. एमजी-बीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या 'बी-सिरीज' घराण्यातलं. आपल्या अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. स्पिटफायर तर ट्रायम्फ हेराल्डची चॅसिस आखूड करून बनवली. आणि ही हेराल्ड १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून तयार होत होती. म्हणजे दोन्ही स्पोर्ट्‌स कार घरगुती गाड्यांच्या सामानातून उभ्या राहिल्या.

आता तुलना. एमजी-बीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. मागे साधा लाइव्ह एक्सल आणि पाटे. ताकद ९५ एचपी. गाडी दणकट, वळणावर भरवशाची.

पहिली स्पिटफायर ११४७ सीसी, फक्त ६३ एचपी; पण वजनाला सुमारे दोनशे किलोंनी हलकी. बॉनेट मडगार्डसकट पुढे उघडतं, त्यामुळे मेकॅनिकची चंगळ. मात्र मागचा स्विंग एक्सल हेराल्डकडूनच आला. भर वळणावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू उचलते, बाहेरचं चाक आत मुडपतं आणि पकड सुटते. १९७० च्या मार्क फोरमध्ये मागच्या पाट्याची बसवणी बदलून हा दोष बराच कमी केला. मद्रासवाल्यांनी १९७२ च्या 'गॅझेल'मध्ये तर सरळ लाइव्ह एक्सलच टाकला.

चालवायला माझं मत एमजी-बीला. पण शिकायला स्पिटफायर! तिचा गुणही दिसतो, दोषही दिसतो आणि दोषावरचा इलाजही दिसतो.

मित्रांनो, फायनल इयरला शहरातून तयार प्रोजेक्ट विकत आणायचा आणि वर म्हणायचं, "इथं सामान कुठं मिळते?" जिनिंगमधली जुनी मोटर मिळते, भंगारात बाइकचं इंजिन मिळते, वेल्डिंगवाला तर चौकातच आहे. स्पिटफायर बनवणाऱ्यांकडे तरी कुठं सगळं नवं होतं? त्यांनी आहे त्यातलं काय ठेवायचं अन्‌ काय कापायचं ते ठरवलं. त्यालाच डिझाइन म्हणतात, आणि ते विकत मिळत नाही.

सरांनाही एक विनंती. विकतच्या चालणाऱ्या मॉडेलपेक्षा, स्वतः बनवलेलं मॉडेल बंद पडलं तरी ते का बंद पडलं हे जो सांगू शकतो, त्याला दोन मार्क जास्त द्यावेत.