कारवानी बारीकच शोभतो

आपला कारवानी कुत्रा अंगानेच सडपातळ. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट; दोन-तीन बरगड्या दिसल्या म्हणून तो उपाशी ठरत नाही. पण पाहुणा ‘खायला घालत नाही का?’ म्हणाला, की आपण दूध-भाकरीचा मारा सुरू करतो. सशाच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे, कुत्रा दिवसभर साखळीला. पळणं थांबलं अन् खाणं वाढलं, की भार सांध्यांवर आणि काळजावर पडतो.

महिन्यातून एकदा त्याला उचलून काट्यावर उभे राहा, आपलं वजन वजा करा. बरगड्या चाचपूनही लागत नसतील तर भाकरी कमी करा, शिवारात फिरवा. पाठीचे मणके वर आले, केस राठ झाले, तर जंत असू शकतात. जनावरांचा दवाखाना गाठा. पाहुण्याला मात्र सांगा, हा जातीनेच असा!