वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

पगारनिश्चिती, बढती, बडतर्फी किंवा पेन्शनचा वाद खात्यात सुटला नाही, की रेल्वे-टपाल कर्मचाऱ्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाची, म्हणजे 'कॅट'ची पायरी चढावी लागते. सरकारी नोकराला लवकर व कमी खर्चात न्याय मिळावा म्हणून १९८५ च्या कायद्याने कॅट आले. १९८७ च्या नियमांत अर्जाचे शुल्क ठरले अवघे ५० रुपये. तरीही आमचा ट्रॅकमन, आमचा पोस्टमन सोसायटीचे कर्ज काढून कॅटमध्ये जातो. तो बुडतो वकिलाच्या फीपायी, कारण ती आधी ठरलेलीच नसते.

वकिलांनाही कष्टाचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण भत्त्याच्या एकेका रुपयासाठी प्रशासनाशी भांडणारे आपण वकिलापुढे गप्प का बसतो?

सही करण्यापूर्वी स्पष्ट विचारा. फी संपूर्ण प्रकरणाची की दर तारखेची? टायपिंग, झेरॉक्स, कारकुनाचा खर्च त्यात धरला आहे काय? प्रकरण हायकोर्टात गेले तर वेगळे किती? ठरेल ते कागदावर घ्या, पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक वेळी पावती मागा.

'जिंकलात तर थकबाकीतले इतके टक्के' हा सौदा करू नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला तसे ठरवता येत नाही. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट केले आहे. मात्र २०२४ च्या निकालाने वकिलाविरुद्ध ग्राहक मंचाचा दरवाजा बंद झाला. म्हणून लेखी कराराचे मोल आज अधिक आहे.

गाऱ्हाणे एकच असेल तर अनेकांना परवानगी घेऊन एकच अर्ज करता येतो. दहा जणांनी दहा वकीलपत्रे कशाला द्यायची? महिला, अनुसूचित जाती-जमाती व अपंग बांधवांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळू शकतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही.

आमचे स्पष्ट मत आहे, की वकिलाकडे सभासदाने एकटे जाऊ नये. प्रत्येक शाखेने एक जाणता पदाधिकारी सोबत द्यावा. खात्याच्या अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षात अर्ज करावा लागतो. तेव्हा आदेश हाती पडताच प्रथम शाखेत या. फीची बोलणी आपण मिळून करू.